काटा अर्ध्यावर





गेल्या गुरुवारी कोप्पीकर रोडवरच्या आपल्या बैठकीत मी जे बोललो ते लिहून ग्रुपवर टाका, असं पाच-सहा जणांनी सांगितलं. त्या दिवशी खाली लग्नसराईची खरेदी चालली होती, हॉर्न काही थांबत नव्हते आणि मागच्या ओळीत निम्मं ऐकूच गेलं नाही. म्हणून लिहितो आहे. बोलण्यात आलं तसंच बरंचसं ठेवलंय, थोडं वाढवलंय. लांब झालंय, एका दमात वाचून झालं नाही तर उद्या वाचा.

मी काही शास्त्री-पंडित नव्हे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पस्तीस वर्षं बँकेत बसून दुसऱ्यांचे आकडे तपासले, एवढीच माझी विद्या. आणि आज सांगायचं आहे ते एका काट्याने मला कसं फसवलं, किंवा मी स्वतःला कसं फसवून घेतलं, त्याबद्दल.

माझी गाडी तुम्ही पाहिली आहे. 1997 सालची मारुती 800. पार्किंग मिळत नाही म्हणून ती महिन्यातले पंचवीस दिवस गल्लीत उभीच असते, आणि मुलं तिला ‘आजोबा’ म्हणतात. मार्गशीर्षात भावोजींचं वर्षश्राद्ध गोकर्णाला करायचं ठरलं. आमची अक्का, माझी थोरली बहीण, वय 76, धारवाडला एकटी राहते. तिला आदल्या दिवशीच हुबळीला आणलं होतं. मी, आमची ही आणि अक्का, असे तिघं दुपारी निघालो. निघताना पेट्रोलचा काटा बघितला. बरोब्बर अर्ध्यावर. टाकी 28 लिटरची, म्हणजे 14 लिटर. गाडी लिटरला 15 देते. अंकोल्यापर्यंत निवांत पोचू, पुढचं तिकडेच भरू. बँकवाल्याचा हिशेब, चुकायचं कारणच नव्हतं.

कलघटगी गेलं, यल्लापूर गेलं. यल्लापुरात पंप दिसला तेव्हा ही म्हणाली, “घालून घ्या की थोडं. मला तो काटा बरा वाटत नाही. दोन महिने बघतेय, तो हलतच नाही.” मी म्हटलं, “हलत नाही म्हणजे गाडी कमी खाते.” हे मी खरोखर म्हणालो. ती आता ते वाक्य सगळ्यांना सांगते, तेव्हा मीच आधी सांगून टाकतो.

आरबैल घाटात सहा वाजून गेल्यावर गाडीने आचके दिले आणि बंद पडली. काटा अर्ध्यावर.

आता गंमत बघा. काटा अर्ध्यावर होता म्हणून पेट्रोल संपलं असेल असं माझ्या डोक्यातच आलं नाही. मी बॉनेट उघडलं. बॅटरीची टोकं हलवून बघितली, प्लगच्या वायरी दाबल्या, कॉइलला हात लावला. पाऊण तास मी त्या इंजिनाची तपासणी करत होतो आणि त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता. अंधार पडला. फोनला रेंज नाही. चाकामागे दगड लावला, ट्रक गेला की गाडी थरथरायची. ही टॉर्च धरून उभी, अक्का मागच्या सीटवर शाल गुंडाळून गप्प.

शेवटी मोटारसायकलवरून दोन पोरं आली. त्यातला एक टाकीवर बोटाने टकटक करून, कान लावून म्हणाला, “पेट्रोल इल्लरी.” पेट्रोलच नाही हो. मी त्याला काटा दाखवला. तो हसला. आपल्या गाडीची नळी काढून त्याने पाण्याच्या बाटलीत लिटरभर पेट्रोल काढून दिलं. पैसे घेतले नाहीत. ती पोरं कोण, कुठली, मला आजही माहीत नाही.

पण पोरं येण्याच्या आधी, त्या अंधारात, आणखी एक गोष्ट घडली होती. मला भूक लागली. हिने बरोबर घेतलेलं सगळं डिकीत, पिशव्यांच्या तळाशी. मी अक्काला विचारलं, तुझ्याजवळ काही आहे का. तिने मांडीवरच्या पिशवीतून एक डबा काढला. आत अर्धी भाकरी, फडक्यात गुंडाळलेली, आणि चिमूटभर शेंगदाण्याची चटणी. भाकरी कडक झालेली. म्हटलं, “हे कधीचं?” तर म्हणाली, “परवाचं. एक केली की मला दोन दिवस होते.”

हे ती अगदी सहज म्हणाली. मी तेव्हा इंजिनाच्या नादात होतो. ते वाक्य माझ्या डोक्यात उतरायला पुढचे चार दिवस लागले. त्यावर पुढे येतो. आधी गाडी.

हुबळीला परत आल्यावर मी आमच्या मिस्त्रींकडे गेलो. जुन्या हुबळीकडे त्यांचं छोटं गॅरेज आहे, पत्र्याची शेड, बाहेर एक कडुनिंब. वय सत्तरीचं, हात काळे, बोलणं कमी. मी जाता जाताच निदान सांगितलं, “मीटर गेलाय, नवा टाका.” ते म्हणाले, “स्वल्प ताळ्री.” जरा थांबा. “काटा खोटं बोलतो, हे कबूल. पण खोटं कुठे शिरलं ते आधी बघू. पार्ट मग.”

मला वाटलं होतं काटा म्हणजे पेट्रोल. तसं नसतं. टाकीत एक तरंगता गोळा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. पेट्रोल वर तर तो वर, खाली तर खाली. त्याला एक दांडी. दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक छोटी पितळी जीभ असते, ती एका पट्टीवर घासत पुढे-मागे सरकते. ती पट्टी विजेला अडवते. माझ्या गाडीत टाकी भरली की अडथळा थोडा आणि रिकामी झाली की जास्त. काही परदेशी गाड्यांत हे नेमकं उलटं असतं, म्हणून दुसऱ्या गाडीचा भाग आणून जोडला तर भरलेली टाकी रिकामी दिसेल. त्या पट्टीपासून एक तार निघते, गाडीच्या पोटाखालून पुढे येते आणि काट्याला मिळते. जेवढी वीज पोचली तेवढा काटा वर. म्हणजे काट्याने पेट्रोल कधी पाहिलेलंच नसतं. तो तारेने जे सांगितलं ते सांगतो, तार जिभेने जे सांगितलं ते, जीभ गोळ्याने जे सांगितलं ते. एवढ्या तोंडांतून बातमी येते.

मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “तापमानाचा काटा बरोबर आहे का?” मी म्हटलं, त्याचा काय संबंध? तर काही जुन्या गाड्यांत दोन्ही काट्यांना मिळून एकच वीजपुरवठा असतो, त्याला बांधून ठेवणारा एक लहानसा भाग असतो. तो बिघडला की दोन्ही काटे मिळून खोटं बोलतात. एकटाच काटा चुकत असेल तर शोध टाकीच्या बाजूला न्यायचा. आमचा तापमानाचा काटा ठीक होता.

मग टाकीजवळची तार त्यांनी सुटी केली आणि किल्ली फिरवायला सांगितली. काटा हळूहळू खाली बसला, पार रिकाम्यावर. मग त्याच तारेला मध्ये एक छोटा बल्ब जोडून तिचं टोक गाडीच्या पत्र्याला लावलं. बल्ब अशासाठी की थेट लावली तर काटा जळायची भीती. काटा चढत चढत पूर्ण भरल्यावर गेला. मिस्त्री म्हणाले, “बघा, काटा निर्दोष. तार निर्दोष.” आणि मी याच काट्याला फेकून नवा बसवायला निघालो होतो! नवा काटासुद्धा अर्ध्यावरच थांबला असता, आणि मी म्हणालो असतो की नवे भागच खराब येतात.

अजून एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला फार आवडली. टाकीपासून पत्र्याला जाणारी एक तार असते, तिला ते ‘अर्थ’ म्हणतात. ती गंजली की आमच्यासारख्या गाडीत काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. उलट काट्याकडे जाणाऱ्या तारेची साल निघून ती कुठे पत्र्याला टेकली, की तो खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. “कमी दाखवणारा काटा चिंता देतो, जास्त दाखवणारा घाटात सोडतो,” असं म्हणाले. माणसं तक्रार घेऊन येतात ती बहुतेक कमी दाखवणाऱ्या काट्याची. जास्त दाखवणाऱ्याविरुद्ध गाडी बंद पडेपर्यंत कुणी येत नाही.

दुसऱ्या दिवशी टाकीतलं उरलंसुरलं पेट्रोल काढलं, बॅटरीची तार सोडली आणि टाकी उतरवून आतला भाग बाहेर काढला. (हे घरी कुणी करायला जाऊ नका. पेट्रोलची वाफ एका ठिणगीची वाट बघत असते. मिस्त्री सगळं मोकळ्या आवारात करत होते आणि एका गिऱ्हाइकाला बिडी विझवायला लावली.) दांडी बिजागरीवर गंजून अर्ध्यावर अडकली होती. गोळा शाबूत, पट्टी मधल्या भागात जरा झिजलेली, बाकी बरी. बोटाने दांडी हलवली तर कर्रकर्र आवाज. कारण विचारलं, तर म्हणाले, “साहेब, गाडी चालवता किती?” मी सांगितलं. “आणि पेट्रोल कसं घालता?” म्हटलं, पाचशेचं. कधीही गेलो तर पाचशेचं. तर म्हणाले, टाकी नेहमी अर्धीमुर्धी, वरची जागा हवेने भरलेली, हवेतला ओलावा आत जमतो, गाडी उभी, दांडी महिना-महिना एकाच जागी. गंजणार नाही तर काय? जिथे फार दिवस उभी राहिली तिथेच ती चिकटली.

आता बैठकीत मी इथे थोडा शास्त्राकडे वळलो होतो. आपल्याकडे ज्ञान कशाने होतं याचा फार बारीक विचार झालेला आहे. गौतमाच्या न्यायशास्त्रात चार प्रमाणं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. यातलं उपमान आज बाजूला ठेवू. टाकीत काठी घालून बघितली, ते प्रत्यक्ष. मागे इतकं भरलं, इतके किलोमीटर झालो, म्हणून इतकं उरलं असणार, ते अनुमान. आणि काट्याने सांगितलं म्हणून मानलं, ते शब्द. आता शब्द हे प्रमाण केव्हा? बोलणारा आप्त असेल तेव्हा. म्हणजे ज्याला ती गोष्ट खरी माहीत आहे आणि जी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. काट्याला माहीतच नव्हतं. तरी मी त्याला आप्त मानलं. का? तर तो रोज समोर असतो, आणि तो जे सांगत होता ते मला सोयीचं होतं.

आणि मराठीत आपण आप्त कुणाला म्हणतो? नातेवाइकाला. आप्तेष्ट. इथे माझी खरी चूक सुरू होते.

भावोजी गेल्यापासून दर रविवारी सकाळी दहाला मी अक्काला फोन करतो. वर्षभर एकही रविवार चुकला नाही, याचा मला अभिमान होता, तो मी इथेही बोलून दाखवलेला आहे. “कशी आहेस?” “मी बरी आहे.” “जेवलीस?” “जेवले की.” “औषधं?” “चालू आहेत.” चार मिनिटांत फोन संपायचा आणि मी मनात एक खूण करायचो. काटा अर्ध्याच्या वर. मुलगा पुण्याला, मुलगी परदेशात, तीही दोघं असंच विचारत होती आणि त्यांनाही असंच उत्तर मिळत होतं. तीन ठिकाणी तीन काटे, तिन्ही एका गंजलेल्या दांडीवर चाललेले.

मीमांसक आणि वेदान्ती आणखी एक प्रमाण मानतात, अर्थापत्ती. त्याचं उदाहरण पिढ्यान्‌पिढ्या एकच चालत आलंय, देवदत्ताचं. देवदत्त लठ्ठ आहे आणि दिवसा जेवत नाही. दोन्ही खरं असेल तर तो रात्री जेवत असला पाहिजे. दोन गोष्टी जुळत नाहीत तेव्हा तिसरी, न दिसणारी गोष्ट मानल्याशिवाय सुटका नसते. हे उदाहरण मी कॉलेजात असताना पाठ केलं होतं. आणि आमची अक्का रोज जेवते म्हणत होती आणि बारीक होत चालली होती. देवदत्ताच्या बरोब्बर उलट. वर्षात तिच्या हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या होत्या, त्या मी गणपतीत पाहिल्या होत्या. वय झालं, म्हटलं. म्हणजे गाडी बंद पडली आणि मी प्लगच्या वायरी दाबत बसलो, तसंच.

गोकर्णाहून आल्यावर चौथ्या दिवशी, टाकीतून निघालेली ती दांडी हातात धरून मी गॅरेजमध्ये उभा होतो, तेव्हा मला ते वाक्य आठवलं. एक केली की दोन दिवस होते. मी तिथूनच धारवाडला गेलो. बसने, कारण गाडी उघडी पडली होती.

हळूहळू विचारलं तेव्हा कळलं. गुडघ्यांमुळे तिला ओट्याशी दहा मिनिटांवर उभं राहवत नाही. सिलिंडर संपला तर बदलून लावायला शेजारच्या मुलाला हाक मारावी लागते, ती त्याला दोनदा मारली, तिसऱ्यांदा मारायला संकोच वाटला. मग ती दोन दिवसांत एकदा चूल, म्हणजे गॅस, पेटवायची. मी म्हटलं, अगं मग सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, “तू किती प्रेमाने फोन करतोस. त्यात रडगाणं कुठे लावू?” बघा म्हणजे. माझा फोनच तिला खोटं बोलायला लावत होता. मी विचारतच अशा तऱ्हेने होतो की ‘बरी आहे’ एवढंच उत्तर त्यात बसेल. पाचशेचं पेट्रोल घालतो तसा चार मिनिटांचा फोन. टाकी कधी पूर्ण भरलीच नाही, कधी पूर्ण रिकामी करून पाहिलीच नाही, मग कळणार कसं?

मिस्त्रींनी दांडी साफ केली, बसवली, आणि म्हणाले, आता काट्याला शाळेत घालू. रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर मोजून ओतायचं आणि दर वेळी काटा कुठे येतो ते बघायचं. मीटरच्या काचेवर कागदाची एक चिंधी चिकटवून त्यावर खुणा केल्या. पहिले 5 लिटर घातले तर काटा जेमतेम उठला. अर्ध्याच्या खुणेवर आला तेव्हा टाकीत 12 लिटर होतं, 14 नव्हे. टाकी काही चौकोनी डबा नसते, तिला वळणं असतात, गोळा गोल फिरतो, म्हणून काटा सरळ हिशेबाने चालत नाही. चढावर गाडी लावली तर वेगळं दाखवतो, नृपतुंग बेट्टाच्या रस्त्यावर मी ते करून पाहिलं. म्हणजे बरा झालेला काटासुद्धा अंदाजच सांगतो. पण आता त्याच्या खोटेपणाचं माप मला माहीत आहे.

पेट्रोल पंपावरही बघा. जमिनीखालच्या टाक्यांचं माप दाखवणारी यंत्रं आता आली, तरी काठी घालून बघायची पद्धत सुटलेली नाही. काठीच्या टोकाला एक लेप लावतात, तळाशी पाणी असेल तर त्याचा रंग बदलतो. आणि आपल्याला शंका आली तर आपण पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागू शकतो, पंपवाल्याने ते भरून दाखवायचं असतं. कितीजणांनी कधी मागितलंय? बैठकीत हात वर करा म्हटलं तर एकच हात वर झाला.

पण काठी म्हणजेच सत्य असंही धरून चालू नका. 1983 च्या जुलैची गोष्ट आहे. कॅनडात एअर कॅनडाचं एक नवं कोरं बोइंग 767 विमान, त्याच्या इंधनाचे काटे चालत नव्हते. कर्मचाऱ्यांनी टाकीत मापकाठीने मोजलं. मोजलं बरोबर. पण लिटरचं वजन काढताना चुकीचा आकडा वापरला, किलोसाठी 0.8 च्या आसपास घ्यायचा तिथे पौंडांचा 1.77 घेतला. लागणाऱ्या इंधनाच्या निम्म्याहूनही कमी घेऊन विमान उडालं आणि वाटेत आकाशातच दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिक बॉब पीअरसन यांनी ते 69 माणसांसकट तरंगत आणून गिमली नावाच्या गावच्या जुन्या विमानतळावर उतरवलं. एकही जीव गेला नाही. काठी खरी, गुणाकार खोटा.

ही गोष्ट मला आधी ठाऊक होती. तरीही मी तेच केलं.

धारवाडहून परतताना मी ठरवलं की आता फोनवर विसंबायचं नाही, प्रत्यक्ष जायचं आणि डबे उघडून बघायचे. आठ दिवसांनी गेलो. अक्का देवापुढे बसली होती, तेवढ्यात स्वयंपाकघरात जाऊन तांदळाचा डबा उघडला. काठोकाठ. जोंधळ्याच्या पिठाचा, काठोकाठ. तूरडाळ भरपूर. मला इतकं समाधान वाटलं की मी तिथूनच पुण्याला भाच्याला फोन लावला, “काळजी करू नकोस, घर भरलेलं आहे.” आमची ही पुढच्या खेपेला बरोबर आली. तिने तोच तांदळाचा डबा उघडला, हात आत घातला, मूठभर वर काढून उजेडात धरला. किडे झालेले. पिठाला जाळी धरलेली. ही माझ्याकडे वळून म्हणाली, “डबा भरलेला आहे म्हणजे ती जेवत नाहीये.”

मी तिथे मोऱ्याशीच बसलो. माप माझ्या हातात होतं, प्रत्यक्ष होतं, आणि मी ते उलटं वाचलं होतं. भरलेलं म्हणजे चांगलं, हा माझा बँकेतला गुणाकार.

कुणीतरी बैठकीत विचारलं, यात परमार्थ कुठे आला? विचारणाऱ्याचा राग नाही, प्रश्न बरोबर आहे. माझ्यापुरतं सांगतो. माझ्याकडे एक वही आहे, त्यात मी रोजच्या जपाच्या माळा लिहितो, 1991 पासून. एका वर्षअखेरीला मी बेरीज करून ती वही सद्गुरूंच्या पुढे ठेवली होती. मोठा आकडा होता. त्यांनी वही बाजूला सारली आणि मला काहीच विचारलं नाही. त्यांनी हिला विचारलं, “घरात याचा आवाज खाली आलाय का गं?” ही गप्प बसली. त्यांनाही उत्तर कळलं आणि मलाही. तेव्हा वाटलं, माझ्या साधनेचा अपमान झाला. आज कळतं, त्यांनी काट्याकडे बघितलंच नाही, टाकीवर बोटाने टकटक केलं. माझा आवाज किती वाढलाय हे मोजायची माझी स्वतःची दांडी तिथेच अडकलेली असणार, मग मला विचारून उपयोग काय? जो ऐकतो त्याला विचारलं.

काहीजण याला अंतःकरणचतुष्टय जोडतात. गोळा म्हणजे चित्त, दांडी म्हणजे मन, तार म्हणजे बुद्धी, काटा म्हणजे अहंकार. छान जुळतं, मीही आरंभी तसंच जुळवत होतो. पण फार जुळवत बसलं की पुन्हा घाटात बॉनेट उघडून उभं राहिल्यासारखं होतं. सगळं नीट जुळल्याचा आनंद होतो आणि गाडी तिथेच. म्हणून ते सोडलं.

एवढं मात्र खरं की माझ्या वहीतला आकडा आणि रविवारचा फोन या दोन्हींमध्ये एक गोष्ट सारखी होती. दोन्ही मला पुढे काही करावं न लागता बरं वाटू देत होते. मिस्त्री म्हणाले होते ना, जास्त दाखवणाऱ्या काट्याची तक्रार घेऊन कुणी येत नाही.

आता अक्काचं कसं चाललंय, हे बरेचजण विचारतात. तिला आमच्याकडे या म्हटलं तर येत नाही, घर सोडवत नाही, आणि त्यात मी जबरदस्ती करणार नाही. ओट्याशी एक उंच स्टूल आणून ठेवलं, बसून पोळ्या लाटता येतील असं. सिलिंडर दोन केले, आणि शेजारच्या मुलाशी मी स्वतः बोललो, त्याला काहीच जड वाटत नव्हतं, उलट म्हणाला, आजी हाकच मारत नाहीत. दर बुधवारी ही किंवा मी जातो आणि तिथेच जेवतो. तिच्या हातचं. दोघांसाठी करायचं म्हटलं की ती चारची कणीक भिजवते आणि मग स्वतःही बसते. डबे मी अजून उघडतो. पण आता किती आहे ते बघत नाही, गेल्या बुधवारपेक्षा किती खाली गेलं ते बघतो. परवा पीठ संपत आलं होतं. तीच म्हणाली, “येताना अर्धा किलो घेऊन ये रे.” मी दुर्गद बैलातून दोन किलो नेलं, त्याबद्दल बोलणी खाल्ली.

गाडीच्या मीटरवर ती कागदाची चिंधी अजून आहे. उन्हाने पिवळी पडली आहे, ही म्हणते काढून टाका, वाईट दिसतं. राहू दे म्हटलंय.

येत्या गुरुवारी अक्का बैठकीला येणार आहे. जिना उंच आहे, दोघांनी खाली थांबून हात द्यावा. तिची खुर्ची पंख्याखाली नको, खिडकीकडे ठेवा. आणि तिला ‘कशी आहात’ असं कुणी विचारू नका, ती बरी आहे असंच सांगेल. सकाळी काय केलं होतं, भाजी कसली होती, ते विचारा.